खाली ठेवलेला फिंजान

धुराचा भोंगा कोकलायला लागला तरी शामलाबाईंनी कढईखालचा गॅस बारीक केला नाही.

"वाजू दे," त्या म्हणाल्या. "दाणे अजून तांबूसच आहेत."

ऋता, त्यांची सून, खुर्चीवर चढून छताला चिकटवलेल्या त्या पांढऱ्या डबीला टॉवेलने वारा घालत होती. "आई, आता शेजारचा हेंक येणार बघा. मागच्या वेळी बिचारा बादली घेऊन आला होता."

"येऊ दे की. तिकडे हा वास सुटला की लांबलांबून माणसं यायची. आमंत्रण द्यावं लागत नसे."

या कुटुंबात 'इकडे' म्हणजे हॉलंडमधलं आल्मेरे, 'घरी' म्हणजे पुणं आणि 'तिकडे' म्हणजे जॉर्डनच्या पूर्वेचं ते काळ्या दगडांचं वाळवंट. शामलाबाईंचे पती वासुदेवराव तिथे पाणी शोधायला गेले होते. जमिनीत भोकं पाडणारे इंजिनिअर ते. त्या गोष्टीला चाळीस वर्षं उलटून गेली होती, पण तिकडचं काही ना काही रोज जेवणाच्या टेबलावर हजर असायचंच. ऋता लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, सासरे तिकडे निम्मं आयुष्य काढून आले असतील. पुढे कळलं की जेमतेम दोन हिवाळे.

भोंगा एकदाचा थांबला. शामलाबाईंनी दाणे खलात ओतले आणि बत्ता हातात घेतला. त्यांना जे मागायचं होतं ते आज, दुपार सरायच्या आत मागायचं होतं. त्यांचा मुलगा सिद्धार्थ उद्या सकाळी पुण्याला फोन करणार होता, आणि त्या फोननंतर मागण्यासारखं काही उरलं नसतं.

गुरुवारी वासुदेवराव हरवले होते. अलीकडे त्यांचं मन असं कुठेही जायचं, पण पाय घरात असायचे. त्या दिवशी शामलाबाई आंघोळीला गेल्या आणि वासुदेवरावांनी दार उघडून पायही बाहेर काढले. सिद्धार्थ हूफडॉर्पच्या ऑफिसातून पळत निघाला. पोलिसांना कळवलं. हार्लेमहून मुलगी शैला फोनवर रडत होती. ऋताने मात्र सायकल काढली. लग्नानंतर इथे आली तेव्हा तिला सायकलचं हँडलसुद्धा धरता येत नव्हतं. आता ती खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वर्गात नव्याने आलेल्या बायकांना सायकल शिकवायची. गल्लीच्या टोकाला, सायकलवाटेच्या वळणावर तिला शिंपल्यांचा एक छोटासा ढीग दिसला. पुढच्या वळणावर आणखी एक. आल्मेरेत दगड शोधून सापडत नाही. ही सगळी जमीनच समुद्राच्या तळातून काढलेली, वाटांवर शिंपले घालतात. पण वळणावर दगड रचत जावं, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं, हे तिने जेवताना हजारदा ऐकलं होतं. ती ढिगामागून ढीग बघत गेली. धरणाच्या अलीकडे, विलोच्या झुडपाआड, वाऱ्याकडे पाठ करून वासुदेवराव बसले होते. कोट डोक्यावरून घेतलेला, हात काखेत, आणि समोर पाण्याने काठोकाठ भरलेला पाट.

"उशीर केलास," ते तिला म्हणाले. "पाणी लागलं. शामलाला सांग."

ऋताने हे सगळ्यांना सांगितलं, पण ते पाणी लागल्याचं तिने फक्त सासूबाईंना, स्वयंपाकघरात, हळूच सांगितलं. शामलाबाईंनी कणीक मळायला घेतली. त्या दिवशी पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

आता खलबत्ता वाजू लागला. शामलाबाई दाणे नुसते कुटत नव्हत्या. दोन ठोके तळाला, एक काठाला, मग बत्ता खलाच्या कडेने फिरवायचा. तिकडच्या बेदुईन शेजारणीने, उम्म नाएफने म्हणजे नाएफच्या आईने, शिकवलेला ताल तो. तिचा नवरा अबू नाएफ पुरुषांच्या बाजूला हा ताल वाजवायचा आणि ती पडद्याअलीकडे बसून त्याच्या चुका काढायची. बकरीच्या केसांचा काळा तंबू, मधे विणलेला पडदा. पलीकडे पुरुष, पाहुणे, कॉफी. अलीकडे बायका, पोरं, दुधाच्या कातडी पिशव्या, तव्यावर पसरलेली पातळ भाकरी, आणि पलीकडचा शब्द न् शब्द ऐकणारे कान. पहिल्या पावसात तो तंबू गळला तेव्हा शामलाबाई घाबरून शैलाला पोटाशी घेऊन बसल्या होत्या. उम्म नाएफ हसली होती. केस भिजले, फुगले, आणि घटकाभरात छत असं घट्ट झालं की थेंब आत येईना. पुण्याच्या फ्लॅटची गच्ची दर पावसाळ्यात गळते, तेव्हा शामलाबाईंना हटकून त्या तंबूची आठवण येते. असं छप्पर पुन्हा मिळालं नाही त्यांना.

जिन्यावर पावलं वाजली. कठडा धरत वासुदेवराव खाली आले. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, चेहरा मात्र लख्ख.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"सगळे आलेत," शामलाबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही."

सगळे म्हणजे दोन मुलं. शैला नुकतीच स्टेशनवरून येऊन ओला कोट खुर्चीला अडकवत होती. पन्नाशी ओलांडलेली मोठी मुलगी; सिद्धार्थ तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा. दोघांनीही आईला नमस्कार करण्याआधी एकमेकांकडे पाहिलं, आणि शामलाबाईंना कळलं की दोघांचं आधीच बोलणं झालंय. काल रात्री फोनवर शैलाच म्हणाली होती, 'आई, तू काळजी करू नकोस, मी आहे तुझ्या बाजूने.' आज तिची नजर चहाच्या डब्यावर खिळलेली होती.

"बोला," शामलाबाई म्हणाल्या. "कॉफी उकळेपर्यंत बोलून घ्या."

सिद्धार्थने घसा साफ केला. "आई, भूगावच्या त्या वृद्धाश्रमाने खोली धरून ठेवलीय. उद्या सकाळी हो म्हणून सांगायचंय. तुमचा व्हिसा संपतोय, त्यामुळे इथे ठेवणं तर शक्यच नाही. पुण्याला उतरलात की मी बरोबर असेनच, तिथूनच बाबांना थेट..."

"थेट."

"त्यांना मधे घरी नेलं तर ते आणखी गोंधळतील, असं डॉक्टर म्हणाले. आणि पहिले काही आठवडे घरच्यांनी न भेटलेलं बरं असतं. माणूस रुळतो."

"आणि मी कुठे रुळायचं?"

"तू घरी राहा. किंवा इकडे येऊन जाऊन. तू मोकळी होशील आई. जरा झोप तरी लागेल तुला."

"मी झोपेची तक्रार केल्याचं मला आठवत नाही."

"तू कशाचीच करत नाहीस!" सिद्धार्थचा आवाज चढला, मग त्याने तो स्वतःच खाली आणला. "गुरुवारी ट्रेनमधून येताना मी काय करत होतो माहितीये? खिडकीतून प्रत्येक कालव्यात बघत होतो. या देशात किती पाणी आहे, आई! दर दोन शेतांमधे पाणी. मी बघत होतो की कुठे बाबांचा तपकिरी कोट दिसतोय का."

शामलाबाईंना त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. पण हात वेलचीने माखलेले होते, आणि आत्ता हात फिरवला असता तर त्या हरल्या असत्या.

"शैला?" त्या म्हणाल्या. "तू बोल."

शैलाने मान वर केली. "आई, सिद्धार्थचं बरोबर वाटतं मला. तू पंचाहत्तरीला आलीस. बाबा उद्या पुण्यात तसेच बाहेर पडले तर? तिथे काय, तू रिक्षा घेऊन शोधत फिरणार?"

"काल तू वेगळं बोललीस."

"काल रात्रभर झोपले नाही मी."

"ते हरवले नव्हते," ऋता अचानक म्हणाली. ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती. "त्यांनी खुणा केल्या होत्या. आणि खूप लांब आलो असं वाटल्यावर ते एका जागी बसून राहिले. वाऱ्याची बाजू बघून. हरवलेला माणूस असं करतो का?"

"ऋता, प्लीज," सिद्धार्थ म्हणाला. "ते शहाणपण चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. त्यांना काल विचारलं, आज वार कुठला, तर म्हणाले मेंढ्या आल्या का."

"मेंढ्या नाहीत," वासुदेवराव टेबलाशी बसून म्हणाले. "बकऱ्या. मेंढ्या त्या दगडांत मरतात."

शैलाला हसू आवरलं नाही. "बाबा, आणि ते दह्याचे गोळे? आठवतात?"

"जमीद."

"हो! खडूसारखे. मी एक गोळा दिवसभर चोखायचे. नाएफ आणि मी, कुणाचा जास्त टिकतो ते बघायचो. आई, आणि विजा कडाडून गेल्यावर वाळूत ते कांदे शोधायला न्यायची ना उम्म नाएफ आपल्याला?"

"कांदे कसले, कमा. जमिनीतली अळंबी ती," शामलाबाई म्हणाल्या. "तू खाली वाकलीस की तुलाच आधी दिसायची. जमिनीला अशी बारीक चीर गेलेली असायची. उम्म नाएफ म्हणायची, या पोरीला इथेच ठेव, कामाची आहे."

"मला राहायचं होतं," शैला म्हणाली. "निघताना मी उंटाच्या पायाला मिठी मारून बसले होते."

तिघंही हसली. वासुदेवरावसुद्धा. सिद्धार्थ मात्र हसला नाही. लहानपणापासून त्याची ही तक्रार होती. सगळ्या घराला एक देश होता, आणि तो तिथे कधी गेलाच नव्हता. "मी पोटात होतो," तो नेहमीप्रमाणे म्हणाला. "मला काय ठाऊक."

"तुला ठाऊक असायला हवं," शामलाबाई म्हणाल्या. "तुझ्यामुळेच निघालो आम्ही."

"बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून निघालात."

"ते बाबा सांगतात."

त्यांनी पितळी भांडं खाली उतरवलं. उम्म नाएफने दिलेले बिनकानाचे छोटे पेले, फिंजान, आता तीनच उरले होते आणि ऋता त्यांत एरवी चटणी घालायची. आज ते घासूनपुसून मांडलेले होते. शामलाबाईंनी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, कारण बसल्या असत्या तर आवाज फाटला असता.

"तो दुसरा हिवाळा. पाऊस झालाच नव्हता. चारा संपला, उंटिणीचं दूध आटत चाललं. पाणी एक दिवसाच्या वाटेवरून आणायचं, तेही खारट. तुझ्या बाबांचं यंत्र खाली खाली चाललं होतं आणि नुसती धूळ वर येत होती. शैलाला ताप. तू पोटात. मी ह्यांना म्हणायची, घरी जाऊ या. हे म्हणायचे, अजून थोडं खाली. एके दिवशी उम्म नाएफने मला पडद्याआड बसवलं आणि म्हणाली, विहिरीवर जीव जडलेला पुरुष बहिरा असतो, त्याला विचारू नकोस. माझ्या नवऱ्याला विचार. आणि कसं विचारायचं ते तिने मला शिकवलं."

शैला सरसावून बसली. हा भाग तिलाही नवा होता.

"मी पडदा ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेले. अबू नाएफने मला कॉफी दिली. मी फिंजान घेतला आणि न पिता त्याच्यासमोर खाली ठेवला. बत्ता वाजायचा थांबला. पाहुण्याने असा पेला खाली ठेवला की त्याचं काहीतरी मागणं असतं. आणि यजमान काय मागणं ते न विचारता म्हणतो, पी, दिलं. आधी देतो, मग ऐकतो. त्याला ठाऊक होतं रे, मी काय मागणार. ती विहीर त्याच्याच माणसांसाठी खणत होते हे. त्या पोरांनी खारट पाणी पिऊन दिवस काढले होते. तो त्या पेल्याकडे खूप वेळ बघत राहिला. आणि मग म्हणाला, पी. दिलं."

"आणि बाबा?" सिद्धार्थने विचारलं.

"संध्याकाळी यंत्रावरून आले. सामान बांधलेलं बघितलं. अबू नाएफने शब्द दिला होता, त्यापुढे ह्यांचं काय चालणार? पुढे कुणी ती विहीर पुरी केली का, पाणी लागलं का, आम्हाला कधीच कळलं नाही."

वासुदेवराव टेबलावरचा वेलचीचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे सरकवत होते. ते ऐकत होते की नाही, सांगता आलं नसतं.

शैलाने उठून आईच्या हातातून भांडं घेतलं. हा मान घरातल्या धाकट्याचा, पण सिद्धार्थला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. तिने डाव्या हातात भांडं, उजव्या हातात फिंजान धरला, तळाशी घोटभर कॉफी ओतली आणि आईला दिली.

शामलाबाई सिद्धार्थच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. फिंजान घेतला. आणि ओठांना न लावता तो टेबलावर, त्याच्यापुढे ठेवला.

बाहेर वारा सुटला होता. सायकलशेडचं दार आपटत होतं आणि ते बंद करायला कुणीही उठलं नाही.

"आई, नको," सिद्धार्थ म्हणाला. "हे असं नको ना. हे नाटक आहे."

मागणाऱ्याने दुसऱ्यांदा बोलायचं नसतं, एवढं शामलाबाईंना आठवत होतं. त्यांनी हात पदराखाली घेतले.

"सिद्धार्थ," शैला हलकेच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तिने ठेवलाय खाली. आता तू बोलायचं असतं."

"ताई, तू तर माझ्या बाजूने होतीस!"

"होते. आता नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तिकडे कुणी म्हणत नसे. पाहुणा न पिता उठला तर त्या घराची अब्रू जायची."

"मी यजमान नाहीये, मी तिचा मुलगा आहे! हो म्हणायचं, आणि उद्या काही झालं तर? कोण..." तो वडिलांकडे वळला, जणू तेच आता शहाण्यासारखं काही बोलतील. "बाबा, सांगा ना हिला."

वासुदेवरावांनी पेल्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग सिद्धार्थकडे, जरा वैतागून, कामावर नव्याने आलेल्या पोराकडे बघावं तसं.

"ह्याला काय विचारता?" ते म्हणाले. "तंबू बाईचा असतो. ती विणते, ती उभारते." त्यांनी ऋताकडे बोट केलं. "तिला विचारा."

ऋताच्या हातात ओलं फडकं होतं. ते तिने सिंकवर टाकलं, हात ड्रेसला पुसले आणि टेबलाशी आली. या घरात येऊन सतरा वर्षं झाली होती तिला. सासूबाईंनी तिच्या पोळ्यांना नावं ठेवली होती, तिने त्यांच्या फिंजानांत चटणी घातली होती. दोघींचं फार गूळपीठ होतं असं कुणीच म्हटलं नसतं.

"प्या, आई," ती म्हणाली. "दिलं."

"ऋता! काय मागतेय ते तरी ऐक!"

"ते आधी नसतं ऐकायचं," ऋता म्हणाली. "आत्ताच सांगितलं ना त्यांनी." आणि मग, आवाज जरासा कापत, "आणि मला माहितीये काय मागणार ते. तुलाही माहितीये. उन्हाळ्यात माझा वर्ग बंद असतो, मी जाते दोघांबरोबर. दिवसभराची बाई बघू, दाराला वरून कडी लावू. जमेल तेवढं करू. नाही जमलं तर नाही जमलं, पण विमानतळावरूनच परस्पर नको रे."

"हिवाळ्यात मी जाईन," शैला म्हणाली.

सिद्धार्थने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. शामलाबाई वाट बघत होत्या. पेल्याचं मागणं ऋताने मान्य केलं होतं, पण मुलगा असाच बसून राहिला असता तर ती कॉफी त्यांच्या घशाखाली उतरली नसती.

"मला भीती वाटते, आई," तो तसाच म्हणाला.

"मलाही वाटते."

त्याने हात खाली घेतले. डोळे लाल झाले होते. त्याने फिंजान उचलला, आईच्या दिशेने सरकवायला, आणि बोटांना चटका बसला नाही म्हणून थांबला. "गार झाली. दुसरी ओतू?"

"तीच प्यायची," वासुदेवराव म्हणाले.

"पी, आई," सिद्धार्थ म्हणाला. "दिलं."

शामलाबाईंनी कॉफी घेतली. गार, कडू, तळाशी गाळ. तेव्हाही अशीच होती, अबू नाएफला बोलायला इतका वेळ लागला होता म्हणून. त्यांनी पेला रिकामा केला आणि पुरे झाल्याची खूण म्हणून तो बोटांत हलवला, तिकडे हलवायचे तसा.

वासुदेवराव त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा धुळीने भरलेला, दाढी वाढलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा असावा तसा वाटला शामलाबाईंना. त्या संध्याकाळी बांधलेल्या सामानासमोर उभं राहून त्यांनी जे विचारलं होतं, तेच, त्याच शब्दांत, ते आता विचारत होते.

"काय मागितलंस?"

शामलाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या सदऱ्याचं वरखाली लागलेलं बटण काढलं आणि नीट लावलं.

"तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"मग? दिलं त्यांनी?"

"दिलं."